घरचा कुत्रा घरच्यांवरच का उलटतो?



शेतकऱ्याच्या दारात बैल, गाय, चार कोंबड्या आणि एक कुत्रा हा संसार ठरलेलाच. रात्री मळ्याची राखण करायची, रानडुकरे उसात शिरली की भुंकून घर उठवायचे, परका माणूस बांधावर दिसला की धन्याला सांगायचे, ही कुत्र्याची कामे. बैलाचा खूर दुखला तर आपण लगेच पाहतो. गाईने चारा टाकला तर डॉक्टरांना बोलावतो. कुत्र्याकडे मात्र आपले लक्ष जाते ते तो कुणाला चावल्यावरच. म्हणून या वेळच्या पाठात आपण कुत्र्याच्या चावण्याचा विचार करू.

एका शेतकरी घरातला प्रसंग घ्या. मोत्या नावाचा सहा वर्षांचा कुत्रा. घरातल्या मुलांबरोबर वाढलेला, कधी कुणाला नख लावले नव्हते. एका रविवारी मिस्सा आटोपून मंडळी घरी आली. सात वर्षांच्या नातवाने रोजच्यासारखे मोत्याच्या गळ्यात हात टाकले, आणि मोत्याने त्याच्या गालाचा चावा घेतला. बाप काठी घेऊन धावला. "माजलाय कुत्रा! याला आता ठेवायचा नाही." आजीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "आधी पोराची जखम धू रे. कुत्र्याचं मागनं बघू."

पोराची जखम धुतली, त्याला दवाखान्यात नेले, लस सुरू झाली. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी मोत्याचे तोंड बांधून त्याला तपासले, तर डाव्या कानाच्या आत जखम होती आणि तिच्यात आळ्या पडल्या होत्या. मग एकेकाला आठवू लागले. "तीन दिवस झाले, डोकं झाडत होता खरा." "परवा भाकरी टाकली ती तशीच ठेवली." सर्वांनी पाहिले होते, पण कुणीच जवळ जाऊन बघितले नव्हते. पोराचा हात नेमका त्या कानावर पडला होता.

या पाठात सांगायची गोष्ट एवढीच आहे: चावण्याला कारण असते, आणि ते कारण वेळेवर ओळखणे हे धन्याचे काम आहे. पवित्र शास्त्रात निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयीचा नियम आहे. बैल मारका आहे हे धन्याला ठाऊक असूनही त्याने त्याला आवरले नाही आणि कुणाचा जीव गेला, तर दोष धन्याकडेही जातो. कुत्र्याच्या धन्यालाही हाच न्याय लागू आहे.

कुत्रा आधी सांगतो, मग चावतो

"काही कारण नसताना चावला" असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा कुत्र्याने आधी सांगितलेले असते, ते आपल्याला कळलेले नसते. नको असलेली गोष्ट घडू लागली की कुत्रा तोंड दुसरीकडे वळवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो. मग डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, कान मागे जातात, अंग लाकडासारखे ताठ होते. त्यानंतर गुरगुरतो, दात दाखवतो, हवेत तोंड मारतो. शेवटी चावतो. शेपटी हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे असेही नेहमी नसते. अंग ताठ आणि शेपटी उंच धरून भराभर हलवणारा कुत्रा पुढे यायच्या तयारीत असतो.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणे ही आपली मोठी चूक. गुरगुरणे ही धोक्याची घंटा आहे. घंटेचा दोर कापला म्हणून आग विझत नाही. मार खाऊन कुत्रा गुरगुरायचे सोडतो, पण त्याची भीती किंवा दुखणे तसेच राहते. मग तो एक दिवस न सांगता चावतो, आणि आपण म्हणतो, कुत्रा दगाबाज निघाला.

चावण्याची कारणे

१) भीती. सर्वांत मोठे कारण हेच. भ्यालेला कुत्रा पळू शकला तर पळतो. कोपऱ्यात अडकला किंवा बांधलेला असला तर चावतो. ही भीती पुष्कळदा लहानपणातच रुजते. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचे होईपर्यंत जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला आपले वाटू लागते. १९६१ साली अमेरिकेतील मेन राज्यातल्या बार हार्बर येथील शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत त्यांनी पिल्ले माणसाच्या सहवासाविना वाढवली. काही पिल्लांना वेगवेगळ्या वयात एकेक आठवडा माणसांत आणले, ती माणसाळली. चौदा आठवडे माणूसच न पाहिलेली पिल्ले मात्र रानटी जनावरासारखी भित्री राहिली.

आपण काय करतो? पिल्लू आणले की "राखणीला कडक व्हायला हवा" म्हणून त्याला गोठ्याच्या अंधारात बांधतो, कुणाला हात लावू देत नाही. असा कुत्रा कडक होत नाही, भित्रा होतो, आणि भित्र्या कुत्र्याला चोर आणि पाहुणा यांतला फरक कळत नाही. पिल्लाला या काळात घरातली लहान मुले, म्हातारी माणसे, टोपीवाले, छत्रीवाले, सायकल, ट्रॅक्टर, गुरे, सर्व हळूहळू दाखवावे. मात्र लसी पूर्ण होईपर्यंत त्याला गावातल्या भटक्या कुत्र्यांत सोडू नये. तसेच पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. दात किती जोराने लावायचा आणि कुठे थांबायचे, हे ते आई-भावंडांशी खेळतानाच शिकते.

२) दुखणे. मोत्याचे उदाहरण वर आलेच. कानातली जखम, पायात रुतलेला काटा, किडका दात, म्हाताऱ्या कुत्र्याचे दुखणारे सांधे, गोचिडांनी आणि खरजेने हैराण झालेले अंग, यांतले काहीही असले तरी हात लागताच कुत्रा तोंड मारतो. डोळ्यांनी कमी दिसू लागलेला किंवा बहिरा झालेला कुत्रा झोपेत दचकून चावतो. शांत स्वभावाचा कुत्रा एकाएकी चिडका झाला, तर आधी दुखणे शोधावे.

३) भाकरी, जागा आणि पिल्ले. जेवताना कुणी जवळ आले की काही कुत्रे गुरगुरतात. अर्धपोटी ठेवलेल्या कुत्र्यात ही खोड लवकर येते. त्याच्या तोंडातले हिसकावून घेतले की ती वाढते, कारण माणूस जवळ आला म्हणजे घास जातो हे तो शिकतो. त्याऐवजी जेवणाऱ्या कुत्र्याला एकटे सोडावे, आणि कधी जवळ गेलो तर लांबूनच आणखी एक चांगला तुकडा टाकावा. माणूस आला की घास वाढतो, हे त्याला कळू द्यावे. व्यालेली कुत्री पहिले काही आठवडे पिल्लांजवळ कुणाला येऊ देत नाही. हा तिचा दुर्गुण नव्हे, आईपण आहे. तिला आडोशाची जागा द्यावी, आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.

४) साखळी. दिवसरात्र चार हात साखळीला बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, ओळख करून घेऊ शकत नाही, नुसता बघतो आणि चिडतो. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस त्याला शत्रू वाटू लागतो. अमेरिकेतील डेन्व्हर शहरातल्या चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या कुत्र्यांची तुलना १९९४ साली प्रसिद्ध झाली. तीत चावणाऱ्यांमध्ये नर कुत्रे, खच्ची न केलेले कुत्रे आणि अंगणात साखळीने बांधून ठेवलेले कुत्रे जास्त आढळले. कुत्र्याला मोकळे गावभर सोडावे असा याचा अर्थ नाही. कुंपणाची जागा करावी, किंवा दोन खांबांमध्ये लांब तार बांधून तिच्यात साखळीची कडी अडकवावी म्हणजे त्याला येरझारा घालता येतात. सकाळ-संध्याकाळ शेतावर जाताना त्याला दोरी लावून बरोबर न्यावे.

५) मार. "कुत्र्याला धनी कोण ते काठीने दाखवावे लागते" असे अनेकजण मानतात. या समजुतीमागे लांडग्यांवरचे एक जुने निरीक्षण आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांची भांडणे पाहून लिहिले की कळपात वरचढ होण्यासाठी सतत झुंज चालते. पुढे डेव्हिड मेक यांनी आपल्या १९७० च्या पुस्तकात ही कल्पना घेतली. परंतु मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर त्यांनीच १९९९ साली ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरे असे कुटुंब असते, आणि तिथे मोठे लहानांना सांभाळून नेतात.

माराने काय होते तेही पाहिले गेले आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वर्तनाच्या तक्रारीसाठी आणलेल्या कुत्र्यांच्या धन्यांना विचारून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या धन्यांपैकी शंभरात त्रेचाळीस जणांवर कुत्रा उलटून आला होता. तोंडातली वस्तू जबरीने काढणाऱ्यांपैकी एकोणचाळीस जणांवर, आणि त्याला उताणा पाडून दाबणाऱ्यांपैकी एकतीस जणांवर. काठीने कुत्रा हाताची भीती शिकतो. मग तो हात बापाचा असो वा लहान पोराचा.

६) माज आणि जात. कुत्री माजावर आली की गावातले नर जमतात, भांडतात, आणि सोडवायला गेलेल्या माणसालाही चावतात. खच्ची केल्याने भटकणे आणि नरांची आपसातली भांडणे पुष्कळ कमी होतात. भीतीने चावणाऱ्या कुत्र्याची भीती मात्र तेवढ्याने जात नाही. भांडणाऱ्या कुत्र्यांत कधीही हात घालू नये. बादलीभर पाणी फेकावे. भटक्या कुत्र्याचे कान पकडण्याचा मूर्खपणा कसा असतो, हे नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात दुसऱ्याच्या भांडणात पडणाऱ्याला उद्देशून सांगितलेच आहे.

जातीविषयीही थोडे सांगतो. कुत्र्याची जात आणि त्याचे काम यांचा मेळ बसला नाही तर तो बिघडतो. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळचा कुत्रा घ्या. त्यालाच कारवान म्हणतात, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे चित्र तिकिटावर छापले. हा पळणारा, शिकारीचा कुत्रा, आणि परक्याने अंगाला हात लावलेला त्याला सहसा खपत नाही. त्याला साखळीवर बसवून ठेवणे म्हणजे शर्यतीच्या बैलाला बारा महिने दावणीला बांधण्यासारखे आहे. ऐट म्हणून शहरातून महागडे, मोठ्या जातीचे पिल्लू आणण्यापूर्वी त्याला पळायला जागा आणि आपल्याजवळ वेळ आहे काय, हे स्वतःला विचारावे.

७) पिसाळणे. हे कारण सर्वांत वेगळे आणि सर्वांत भयंकर, म्हणून शेवटी घेतले आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचा स्वभावच पालटतो. तो दगड, लाकूड, गुरे, माणूस, समोर येईल त्याला चावत सुटतो. आवाज घोगरा होतो, लाळ गळते, पुढे मागचे पाय लुळे पडतात. पण प्रत्येक पिसाळलेला कुत्रा धावत सुटत नाही. काही कुत्रे मुके होऊन अंधाऱ्या कोपऱ्यात बसतात, त्यांचा खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही. अशा वेळी "घशात हाड अडकले असेल" म्हणून तोंडात हात घालू नये. या चुकीने जीव जाऊ शकतो.

कुत्रा चावला तर

रेबीज हा रोग एकदा अंगात दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्याबरोबर योग्य उपाय केला तर तो टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे मरतात, आणि संशयित जनावर चावलेल्यांत शंभरात चाळीस जण पंधरा वर्षांखालचे असतात. म्हणून आईबापांनी पुढील गोष्टी पाठच कराव्यात.

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ बघून. मग असेल ते जंतुनाशक लावावे. तिखट, चुना, हळद, तेल, तंबाखू, पाला काहीही भरू नये. कुणाकडे मंत्र घालायला किंवा उतारा करायला जाऊ नये. प्रार्थना अवश्य करावी, पण ती दवाखान्याच्या वाटेवर करावी.

त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. लस पहिल्या दिवशी टोचतात, आणि त्या दिवसापासून तिसऱ्या, सातव्या व पुढच्या ठरलेल्या दिवशी पुन्हा. कातडीत टोचायच्या पद्धतीत शेवटची लस अठ्ठाविसाव्या दिवशी असते. स्नायूत टोचायची असेल तर मध्ये चौदाव्या दिवशीही एक असते. डॉक्टर देतील त्या कागदावरची एकही तारीख चुकवू नये. दात रुतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत व तिच्या भोवती सीरमही टोचावे लागते. ते डॉक्टरांना आठवणीने विचारावे. गरोदर बाई आणि तान्हे मूल यांनाही ही लस चालते. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या भीतीने अजूनही काही वडीलधारी माणसे टाळाटाळ करतात. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बनवणे बंद झाले. आताची लस दंडात घेतात.

चावलेल्या कुत्र्याला लगेच मारून टाकू नये. त्याला सुरक्षित बांधून दहा दिवस पाहावे. दहा दिवसांनंतरही तो धडधाकट असेल, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असे डॉक्टर धरतात. पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवून ठेवू नये. ती पहिल्या दिवशीच सुरू करावी. पिसाळलेला कुत्रा गाईगुरांना चावला असेल तर त्यांचीही जखम अशीच धुवावी आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. धुताना हातात रबरी मोजे असावेत.

मुख्य इलाज अर्थातच आधीचा. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. चोर्ल्याचा घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात गेल्या दशकात घरचे आणि भटके अशा दोन्ही कुत्र्यांना दरवर्षी मोठ्या प्रमाणावर लस टोचली गेली, शाळाशाळांतून मुलांना शिकवले गेले, आणि २०२१ साली त्या राज्याने आपण रेबीज नियंत्रित क्षेत्र झाल्याचे जाहीर केले. शेजारी जे झाले ते आपल्या गावातही होऊ शकते. दरवर्षी २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून गावातले सर्व कुत्रे एकाच दिवशी टोचून घेतले तर किती बरे होईल!

घरात पाळायचे नियम

- पाच-सहा वर्षांच्या आतले मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये, कुत्रा कितीही गरीब असला तरी.
- झोपलेल्या, जेवणाऱ्या, आजारी कुत्र्याला आणि पिल्लांच्या आईला मुलांनी हात लावू नये.
- कुत्र्याला मिठी मारणे, त्याच्या तोंडाशी तोंड नेणे, शेपटी ओढणे, पाठीवर बसणे मुलांना करू देऊ नये.
- परका कुत्रा अंगावर आला तर पळू नये, ओरडू नये. हात अंगाशी धरून झाडासारखे उभे राहावे आणि त्याच्या डोळ्यांत बघू नये. खाली पडलो तर गुडघे पोटाशी घेऊन कान आणि मान हातांनी झाकावी.
- नाताळ, दिवाळी, लग्नसराई यांत फटाके वाजू लागले किंवा ऊसतोडीला परकी माणसे आली, की कुत्र्याला आतल्या शांत जागी ठेवावे.
- आठवड्यातून एकदा त्याचे कान, दात, पंजे आणि अंग नीट पाहावे. रविवारी मिस्साहून आल्यावरचा वेळ याला चांगला.
- एकदा चावलेल्या कुत्र्याला तसाच मोकळा ठेवू नये. कारण शोधावे, डॉक्टरांना दाखवावे, आणि कारण सापडेपर्यंत मुलांपासून दूर, कुंपणात ठेवावे. क्वचित एखाद्या कुत्र्याचा धोका कशानेही टळत नाही. तेव्हाचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वेदना न देता घ्यावा, रागाच्या भरात काठीने नव्हे.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात सांगितले आहे की जनावरांना विनाकारण दुःख देणे किंवा मारणे माणसाच्या थोरवीला शोभत नाही. तोबिताच्या पुस्तकात तोबीताचा मुलगा देवदूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो, तेव्हा त्यांच्यासोबत एक कुत्रा चालतो. परत येतानाही तो मागे आहेच. त्या कुत्र्याने काही पराक्रम केल्याचे लिहिलेले नाही. तो नुसता सोबत होता. आपल्या दारातला कुत्राही असाच सोबत करीत असतो.

मोत्याचा कान तीन आठवड्यांत बरा झाला. पोराच्या गालावर लहानसा वण राहिला आहे. आता मोत्या डोके झाडू लागला की सगळ्यांत आधी तोच आजीला हाक मारतो.

कुटुंबात बोलण्यासाठी प्रश्न

१) आपल्या कुत्र्याला रेबीजची लस शेवटची कधी टोचली? तिचा कागद कुठे आहे?

२) आपला कुत्रा कशाला भितो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे काय?

३) मूल घरी एकटे असताना कुत्रा चावला, तर पहिली पंधरा मिनिटे काय करायचे हे त्याला सांगता येईल काय?